मागच्या फळीतले प्रशिक्षक

डेरिक परेरा यांनी महाराष्ट्रातले तीन फुटबॉल क्लब सांभाळले. मुंबईचा महिंद्रा युनायटेड, पुण्याचा पुणे एफसी आणि पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स. आज यांतला एकही क्लब उरलेला नाही. महिंद्रा 1962मध्ये सुरू झाला आणि 2010मध्ये बंद पडला. पुणे एफसी 2007मध्ये उभा राहिला आणि दहा वर्षंही टिकला नाही. शिवाजियन्सने 2017मध्ये राष्ट्रीय पातळीवरून गाशा गुंडाळला. क्लब गेले. परेरा मात्र गोव्याला परतले आणि कधी मुख्य प्रशिक्षक, कधी सहायक, कधी तांत्रिक संचालक अशा भूमिका बदलत काम करत राहिले.

हे प्रकरण अशाच माणसांविषयी आहे. मैदानावर मागच्या फळीत खेळायचं, खेळ संपला की शिकवायला लागायचं, आणि शिकवतानाही पुढच्या-मागच्या खुर्चीचा हिशेब न ठेवता पडेल ते काम करायचं, अशी ही कारकीर्द असते. आपल्याकडे तिची फारशी नोंद होत नाही. गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं, मुख्य प्रशिक्षकाला पत्रकार परिषदेत बसवतात आणि सहायकाचं नाव संघयादीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं जातं. या तळाच्या ओळीत काय काय दडलेलं असतं, ते दोन गोवेकरांच्या आयुष्यातून पाहू. एक डेरिक परेरा, दुसरे महेश गवळी. दोघेही बचावपटू.

आधी बचावपटूविषयी. अमरावती-अकोल्याच्या शाळांमध्ये फुटबॉलचा संघ निवडताना काय होतं, हे कोणत्याही खेळशिक्षकाला विचारा. पळणारी, चेंडू नाचवणारी पोरं पुढे जातात. अंगानं थोराड आणि पायानं जरा जड अशा पोराला ‘तू बॅकला उभा राहा’ म्हणून सांगितलं जातं. म्हणजे मागची फळी ही उरलेल्यांची जागा. हा समज मुळापासून चुकीचा आहे. मधला बचावपटू, ज्याला आपल्याकडे सगळे ‘स्टॉपर’ म्हणतात, तो मैदानावरच्या अकरा जणांपैकी सगळ्यात जास्त पाहतो. फॉरवर्डची पाठ बराच वेळ आपल्याच संघाकडे असते. विंगरला एका बाजूची रेघ धरावी लागते. हाफला चहूबाजूंनी माणसं घेरतात. स्टॉपरसमोर मात्र सगळा खेळ उलगडत असतो, कारण त्याच्या मागे एकटा गोलरक्षक असतो. गोलरक्षकालाही सगळं दिसतं, पण तो फार लांब आणि आपल्या चौकटीला बांधलेला असतो.

नुसतं पाहून भागत नाही, बोलावंही लागतं. चांगला स्टॉपर नव्वद मिनिटं ओरडत असतो. ‘चढ’, ‘थांब’, ‘मॅन ऑन’, ‘डावीकडे बघ’, ‘बाहेर काढ’. फळी पुढे सरकवायची की मागे घ्यायची, हा निर्णय तोच घेतो. चौघांपैकी एक बॅक एक पाऊल मागे राहिला, की ऑफसाइडचा सापळा फसतो आणि समोरचा फॉरवर्ड गोलरक्षकासमोर मोकळा होतो. म्हणून स्टॉपरला स्वतःच्या पायांबरोबर आणखी तीन जणांच्या पायांचा हिशेब ठेवावा लागतो. धोका कुठून येणार, हे तो येण्याआधी दोन-तीन सेकंद ओळखणं आणि ते दुसऱ्याला सांगणं हा त्याचा रोजचा उद्योग. प्रशिक्षकाचं कामही हेच आहे, फक्त ते रेघेच्या बाहेर उभं राहून करायचं असतं.

भारतीय फुटबॉलच्या इतिहासात याचे दाखले भरपूर आहेत. 1962च्या जाकार्ता एशियाडमध्ये भारतानं सुवर्णपदक मिळवलं. त्या संघाच्या बचावफळीतले अरुण घोष पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. 1970च्या बँकॉक एशियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हेही बचावपटू. पुढे त्यांनी भारतीय संघाला एकाहून अधिक वेळा शिकवलं. त्यांना खेळाडू म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला आणि प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्यही. मोहन बागानच्या मागच्या फळीत वर्षानुवर्षं पाय रोवून उभे राहिलेले सुब्रत भट्टाचार्य यांनी त्याच क्लबला प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय लीग जिंकून दिली. परदेशातलं ठसठशीत उदाहरण फ्रांझ बेकेनबाउर यांचं. मागच्या फळीतून खेळ रचणाऱ्या या जर्मन खेळाडूनं 1974मध्ये कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला आणि 1990मध्ये प्रशिक्षक म्हणून.

डेरिक परेरा यांचा जन्म 1962चा. वास्कोच्या साळगावकर क्लबसाठी ते बचावपटू म्हणून खेळले, भारताच्या संघातही होते. साळगावकर हा तेव्हा गोव्यातला अव्वल क्लब होता. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्यानं लागोपाठ दोनदा फेडरेशन कप जिंकला आणि राष्ट्रीय करंडकांवर कोलकात्याची मक्तेदारी नाही, हे गोव्याला दाखवून दिलं. त्या वातावरणात तयार झालेला खेळाडू शिस्त घेऊनच बाहेर पडणार.

प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव देशभर झालं ते मुंबईत. 2005-06च्या हंगामात महिंद्रा युनायटेडनं राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि त्याच हंगामात फेडरेशन कपही. आज ‘महाराष्ट्राच्या क्लबनं देशाची लीग जिंकली’ असं म्हटलं, की तरुण वाचकाला मुंबई सिटी आठवते. पण त्याआधी पंधरा वर्षं हे काम मुंबईच्या कूपरेज मैदानावरच्या महिंद्रानं केलं होतं, आणि बाकावर परेरा होते. 2007मध्ये याच संघानं एएफसी कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली.

त्यानंतर पुणे. 2009-10 हा राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगमधला पुणे एफसीचा पहिलाच हंगाम, आणि नवखा संघ थेट तिसऱ्या क्रमांकावर आला. 2012-13मध्ये दुसऱ्या क्रमांकावर. पुण्यात पहिल्या दिवसापासून मोठी नावं नव्हती. तरीही संघ वर राहिला, कारण त्याच्यावर गोल करणं जड होतं. माझं मत असं, की त्या चार वर्षांतलं परेरांचं काम महिंद्राच्या विजेतेपदापेक्षाही मोठं आहे. महिंद्राकडे तयार खेळाडू होते. पुण्यात घडी बसवावी लागली.

मग ओळीनं बदल झाले. साळगावकर, शिवाजियन्स, चर्चिल ब्रदर्स. क्लबांची आर्थिक स्थिती डगमगत होती. 2016मध्ये तर डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन गोमंतकीय क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) जमाना आला आणि तिथे मुख्य प्रशिक्षक बहुतेक युरोपातून यायचे. भारतीय प्रशिक्षकाला त्यांच्या हाताखाली सहायकाची जागा मिळायची. राष्ट्रीय विजेतेपद खिशात असलेल्या माणसानं अशी जागा घ्यावी का? परेरांनी घेतली. 2017मध्ये ते एफसी गोवाकडे आले. स्पेनचे सर्हिओ लोबेरा मुख्य प्रशिक्षक होते आणि परेरा त्यांच्या सोबतीला. 2018च्या सुपर कपमध्ये संघ परेरांनी सांभाळला. 2019मध्ये ताश्कंदला झालेल्या आशियाई पात्रता स्पर्धेसाठी भारताच्या 23 वर्षांखालील संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मग एफसी गोवाचे तांत्रिक संचालक. आणि डिसेंबर 2021मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांदो हंगामाच्या मध्यावर संघ सोडून गेले, तेव्हा क्लबनं परेरांकडेच मुख्य प्रशिक्षकपद दिलं. तो हंगाम गोव्याला वाईट गेला, अकरा संघांत नववा क्रमांक. पण अर्ध्यात सोडलेला संघ हाती घेणं किती अवघड असतं, हे लक्षात ठेवूनच त्या आकड्याकडे पाहायला हवं.

मुख्य, सहायक, संचालक, पुन्हा मुख्य. नोकरीच्या भाषेत बढती आणि पदावनती असे शब्द आपण सहज वापरतो. फुटबॉलमध्ये ते चालत नाहीत. जर्मनीचे योआखिम लोव हे 2006च्या विश्वचषकात युर्गेन क्लिन्समन यांचे सहायक होते. 2014मध्ये त्यांनीच मुख्य प्रशिक्षक म्हणून तो चषक जिंकला. त्या वेळी त्यांचे सहायक असलेल्या हान्सी फ्लिक यांनी 2020मध्ये बायर्न म्युनिकला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं. सहायकाची खुर्ची ही शिकण्याची जागा आहे आणि कधी कधी संघ सावरण्याचीही.

सहायक नेमकं करतो काय? सरावाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तो मैदानावर असतो. कोन मांडतो, बिब वाटतो, चेंडूंची हवा तपासतो. हे दिसतं. न दिसणारं काम पुष्कळ आहे. प्रतिस्पर्धी संघाच्या मागच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहून त्यातून खेळाडूंना दाखवायचे मोजके तुकडे काढायचे, कारण अर्धा तास व्हिडिओ दाखवला तर खेळाडूच्या डोक्यात काहीच राहत नाही. कॉर्नर आणि फ्री किकचं नियोजन बहुतेक संघांत सहायकाकडेच असतं. प्रतिस्पर्धी कॉर्नर घेणार असेल तर पहिल्या खांबाशी कोण, माणसाला माणूस धरायचा की जागा धरायची, चेंडू बाहेर फेकला गेला तर पहिली धाव कुणाची, हे सगळं कागदावर आणि मग मैदानावर पन्नास वेळा घोटून घ्यायचं. बदली खेळाडू आत जाण्याआधी सहायक त्याच्या डोळ्यांसमोर फाइल धरून उभा असतो. त्या फाइलमध्ये याच जागा लिहिलेल्या असतात. नव्या खेळाडूला पहिल्याच कॉर्नरला आपली जागा माहीत नसली, की गोल बसतो.

आणखी एक काम आहे आणि ते कुठल्याही पुस्तकात शिकवत नाहीत. संघातून वगळलेल्या खेळाडूशी बोलणं. मुख्य प्रशिक्षक निर्णय सांगतो आणि पुढे जातो. रात्री हॉटेलच्या व्हरांड्यात त्या पोराजवळ बसतो तो सहायक. परदेशी प्रशिक्षक असला तर भाषेची अडचण येते. घरची काळजी, दुखऱ्या गुडघ्याची भीती, करार संपत आल्याची धास्ती, हे सगळं मोडक्या इंग्रजीत सांगता येत नाही. ते ऐकायला आपल्यातलं माणूस लागतं.

महेश गवळी हे या कामातलं आजचं ठळक नाव. जन्म 1980चा, गोव्याचा. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडण झाली. गोव्यातल्या आणि कोलकात्यातल्या मोठ्या क्लबांमधून ते खेळले. पण त्यांचं नाव डेम्पोशी कायमचं जोडलं गेलं. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक असताना डेम्पोनं पाच वेळा देशाची लीग जिंकली, 2004-05पासून 2011-12पर्यंत. त्या सुवर्णकाळात डेम्पोच्या मागच्या फळीत समीर नाईक होते, गवळी होते. पुढे नाईक डेम्पोचेच मुख्य प्रशिक्षक झाले, ही गोष्टही जाता जाता नोंदवायला हवी. एकाच क्लबच्या एकाच काळातल्या बचावफळीतून दोन प्रशिक्षक निघाले.

 उंच फॉरवर्डशी हवेत झुंजण्यापेक्षा चेंडू पडणार कुठे हे आधीच ओळखून तिथे पोहोचणं हा गवळींचा खेळ. जानेवारी 2011मध्ये कतारला आशिया कप झाला. भारत 27 वर्षांनी त्या स्पर्धेत उतरला होता आणि गवळी त्या संघात होते. ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहरीनकडून 2-5, दक्षिण कोरियाकडून 1-4. तीन सामन्यांत तेरा गोल स्वीकारावे लागले. आशियातल्या पहिल्या रांगेपासून आपण किती मागे आहोत, याचा हा धडा बचावफळीला सगळ्यात जवळून मिळाला. त्याच संघात सुनील छेत्री होता आणि राखीव गोलरक्षकांत गुरप्रीत सिंग संधू नावाचा कोवळा पोरगा.

बारा वर्षांनी ही तिन्ही माणसं पुन्हा एका संघात होती. गवळी आता भारताचे सहायक प्रशिक्षक होते, मुख्य प्रशिक्षक क्रोएशियाचे इगोर स्टिमाच. जून 2023मध्ये बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा सुरू झाली. 21 जूनच्या पहिल्या सामन्यात भारतानं पाकिस्तानला 4-0 असं हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक झाली. पण मध्यंतराच्या जरा आधी पाकिस्तानचा खेळाडू थ्रो घेत असताना स्टिमाच यांनी त्याच्या हातातला चेंडू उडवला आणि लाल कार्ड ओढवून घेतलं. पुढच्या सामन्यात, नेपाळविरुद्ध, बाकावर गवळी. भारत 2-0नं जिंकला. कुवेतविरुद्ध स्टिमाच परतले आणि पुन्हा लाल कार्ड. या वेळी दोन सामन्यांची बंदी. म्हणजे उपांत्य फेरी आणि पुढे गेलो तर अंतिम सामनाही.

बंदी घातलेल्या प्रशिक्षकाला बाकावर बसता येत नाही आणि ड्रेसिंग रूममध्ये जाता येत नाही. सामना चालू असताना सगळे निर्णय सहायकाच्या गळ्यात येतात. कुणाला कधी बदलायचं, पिवळं कार्ड मिळालेल्या खेळाडूला आत ठेवायचं की बाहेर काढायचं, जादा वेळेसाठी कुणाचे पाय ताजे ठेवायचे. 1 जुलैला लेबनॉनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गवळींपुढे त्यांच्याच धंद्याचा प्रश्न उभा राहिला. मुख्य स्टॉपर संदेश झिंगन कार्डांमुळे त्या सामन्यातून बाद होता. बचावफळीचा कणाच बदलून उतरावं लागलं. 120 मिनिटं खेळ झाला, भारतावर एकही गोल बसला नाही. पेनल्टीवर 4-2. गुरप्रीतनं लेबनॉनच्या कर्णधाराची पहिलीच पेनल्टी अडवली.

4 जुलैचा अंतिम सामना कुवेतशी. चौदाव्या मिनिटाला कुवेतचा गोल. अडतिसाव्या मिनिटाला भारताच्या छांगटेनं बरोबरी केली. पुढचा जवळजवळ दीड तास 1-1. पेनल्टीसाठी नावं द्यायची वेळ आली. पाच जणांचा क्रम ठरवणं सोपं वाटतं, कारण ज्यांचे पाय भरवशाचे त्यांची नावं प्रशिक्षकाला माहीत असतात. पण दोन तास पळून दमलेल्या पोरांपैकी कोण डोळ्याला डोळा भिडवतो आणि कोण बुटाच्या नाडीशी खेळत बसतो, हे त्या क्षणीच कळतं. पाच-पाच झाल्यावर 4-4. सहावी पेनल्टी नाओरेम महेश सिंगनं आत घातली, कुवेतच्या कर्णधाराची गुरप्रीतनं अडवली. भारताचं हे नववं सॅफ विजेतेपद. इतिहासात प्रशिक्षक म्हणून स्टिमाच यांचं नाव लागेल आणि संघबांधणी त्यांची असल्यामुळे ते रास्तच आहे. पण त्या स्पर्धेतले तीन सामने, त्यांतले दोन बाद फेरीचे, गवळींनी बाकावरून काढले. हे तितक्याच ठळकपणे सांगितलं जायला हवं.

जून 2024मध्ये विश्वचषक पात्रतेतून भारत बाहेर पडला आणि स्टिमाच गेले. स्पेनचे मानोलो मार्केझ आले. मुख्य प्रशिक्षक बदलला, की तो आपली माणसं घेऊन येतो आणि जुने सहायक सामान बांधतात, अशी रीत आहे. गवळी राहिले. संघाची सलगता एका माणसात साठवलेली असते, ती अशी.

आता वऱ्हाडातल्या वाचकाचा प्रश्न. हे सगळं गोव्याचं आणि मुंबईचं. अचलपूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या पोराला यातलं काय? क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतंत्र संघटना आहे आणि तिनं रणजी करंडक जिंकून दाखवला. फुटबॉलमध्ये तसं नाही. सगळा महाराष्ट्र 1911मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली येतो आणि तिचं घर कूपरेजला. नागपूर-कामठीत फुटबॉल मुरलेला आहे. अमरावती-अकोल्यातून मात्र मोठ्या क्लबपर्यंत पोहोचण्याची वाट लांब आहे. ती एका रात्रीत आखूड होणार नाही.

पण शिकवण्याची वाट तेवढी लांब नाही. प्रशिक्षकांच्या परवान्यांची शिडी सगळ्या आशियात एकच: सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. भारतात तिच्या खाली ‘डी’ परवाना आणि त्याच्याही खाली, लहान मुलांना खेळवण्यासाठी, ‘ई’ प्रमाणपत्राची एक पायरी आहे. आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर प्रो परवाना लागतो. खालच्या पायऱ्यांवर चढायला मात्र तुम्ही भारताकडून खेळलेले असायची गरज नाही. जिल्हा पातळीवर स्टॉपर म्हणून खेळलेला, चेंडू कुठून येणार ते ओळखणारा आणि आवाज असलेला तरुण त्यासाठी पुरेसा आहे. वरची पायरी चढताना मध्ये काही काळ प्रत्यक्ष शिकवावं लागतं. अभ्यासक्रमात फळ्यावरचा पाठ असतोच, पण कस लागतो तो मैदानावर. दहा-बारा खेळाडू समोर उभे करून ‘चारची फळी एकत्र कशी सरकते’ हे वीसेक मिनिटांत शिकवून दाखवायचं, आणि परीक्षक पाहतो की तुम्ही खेळ नेमका कधी थांबवता.

शिकवणाऱ्याला शिकवण्याची परंपरा तर अमरावतीत शंभर वर्षांहून जुनी आहे. वैद्य बंधूंनी 1914मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. त्यांच्या पथकानं 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून निघालेले शिक्षक कितीतरी शाळांच्या मैदानांवर उभे आहेत. त्यांतल्या थोड्यांनी जरी फुटबॉलचा डी किंवा सी परवाना घेतला, तरी तालुक्याच्या शाळेतल्या थोराड पोराला ‘बॅकला उभा राहा’ एवढंच न सांगता तिथे उभं राहून काय पाहायचं, तेही सांगितलं जाईल. हे काम क्लब नसतानाही होऊ शकतं.

ऑगस्ट 2025मध्ये खालिद जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून महिंद्रा आणि एअर इंडिया, प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसी असा त्यांचा प्रवास मुंबईतून झालेला. 2011-12मध्ये साव्हियो मेदेरा यांनी ही जबाबदारी सांभाळली होती. त्यानंतर या खुर्चीवर भारतीय माणूस बसायला तेरा वर्षं लागली. जमील यांच्या पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये, भारतानं ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. तेव्हाही त्यांच्या शेजारी सहायक म्हणून महेश गवळी होते. मुख्य आणि सहायक दोघेही भारतीय, दोघेही आपल्याच मैदानांवर घडलेले.